०.८ ओमची कॉइल आणि २८ वॉट: दादांच्या करपलेल्या कॉइलींचं प्रकरण

आधीची परिस्थिती

हे प्रकरण व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं. ज्यांचं आहे त्यांना आपण नुसतं दादा म्हणू. काही बारीक तपशील बदललेत, आणि त्यांना विचारूनच लिहितोय. वय शेहेचाळीस, मूळचे कोल्हापूर साइडचे, बरीच वर्षं इंग्लंडात, ईस्ट मिडलंड्समधल्या एका वेअरहाऊसमध्ये नाइट शिफ्टला फोर्कलिफ्ट चालवतात. मी तिथंच मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन, इचलकरंजीचा, आयटीआय करून आधी लूमच्या मोटारी बघायचो. हे मुद्दाम सांगतोय कारण या प्रकरणात सगळ्यात मोठी माती मीच खाल्लीय आणि ती इलेक्ट्रिशियन असल्याच्या तोऱ्यातच खाल्लीय.

दादांची सिगारेट एकोणीस-वीस वर्षांचे असल्यापासून, दिवसाला पंधरा तरी. इकडं वीसचं पाकीट पंधरा-सोळा पौंडाला पडतं, म्हणून मधे काही वर्षं सुटी तंबाखू आणून स्वतः वळून ओढायचे. २०२४ मध्ये कुणीतरी डिस्पोजेबल, म्हणजे संपलं की फेकून द्यायचं व्हेप हातात दिलं आणि काय झालं कुणास ठाऊक, माणसाची सिगारेट सुटली. पंचवीस वर्षांची सिगारेट सुटली, तीही कुठल्या गोळ्याबिळ्या न घेता. वहिनी तेव्हा फोनवर माझ्याशी जवळजवळ रडल्या होत्या.

मग १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये डिस्पोजेबल व्हेप विकायला बंदी आली. दादांनी आधीच बुटाच्या खोक्यात साठा करून ठेवला होता, तो ऑक्टोबरपर्यंत पुरला. नोव्हेंबरात ते दुकानात जाऊन रिफिल करायचं मशीन घेऊन आले. छोटंसं, स्क्रीन असलेलं, ५ ते ४० वॉटपर्यंत बटणानं कमीजास्त करता येणारं. डब्यात दोन कॉइल, म्हणजे लिक्विड तापवून वाफ करणाऱ्या, कापूस लावलेल्या तारा, एक ०.८ ओमची आणि एक ०.३ ओमची (ओम म्हणजे तारेचा विजेला होणारा विरोध). सोबत लिक्विडची मोठी बाटली, कारण ती स्वस्त पडते.

आता यात एक गोष्ट तेव्हा कुणाच्याच डोक्यात आली नाही. डिस्पोजेबलमध्ये माणसाला काहीच ठरवायचं नसतं. कॉइल किती ओमची, तिला किती पॉवर द्यायची, लिक्विड किती पातळ, निकोटीन किती, हे सगळं कारखान्यात जुळवून आलेलं असतं, आपण फक्त झुरका मारायचा. नवीन मशीनमध्ये हे चारही निर्णय दादांच्या गळ्यात पडले आणि त्यांना वाटलं की आपण फक्त बाटली बदललीय.

प्रॉब्लेम काय झाला

पहिली कॉइल लावली ती ०.३ ची. ती ३० वॉटवर नीट चालली, पण एवढा धूर की दादा म्हणाले फॅक्टरीचं धुराडं झालंय माझं. त्यांना सिगारेटसारखा, आधी तोंडात घेऊन मग आत ओढायचा झुरका पाहिजे होता, म्हणून त्यांनी ती काढली आणि ०.८ ची बसवली. मशीननं स्क्रीनवर विचारलं, नवीन कॉइल आहे का जुनीच? रात्रीचे अडीच, हातात ग्लोव्हज, दादांनी दाबलं जुनीच. झालं, वॉट जवळपास तिथंच राहिले, २८ वर.

ब्रेकला आम्ही मागच्या यार्डात उभे असतो, तिथं त्यांनी मशीन माझ्या हातात दिलं. बघ रे भावा, कसला वास येतोय. मी एक झुरका घेतला आणि दोन मिनिटं खोकत होतो. दूध उतू जाऊन पातेलं खालून करपल्यावर जो वास घरभर होतो तो वास, फक्त घशाच्या आतून. स्क्रीनवर लिहिलेलं, ०.८१ ओम, २८ वॉट. कॉइल उघडून बघितली तर आतला कापूस चहापत्तीसारखा काळा.

दुसरी ०.८ ची कॉइल दादांनी दुकानदाराला विचारून १५ वर लावली. ही करपली नाही, पण दोन तासांनी मेसेज आला, यात काय दमच नाही. मग १७, मग १९, मग २२. तीन दिवसांत करपली. तिसरीचंही तेच, तिला चार दिवस लागले एवढाच फरक. प्रत्येक कॉइल साधारण तीन पौंड, पण पैशाचं सोडा, मला भीती वेगळीच होती. माणूस आता वैतागून परत पेट्रोल पंपावरून पाकीट घेणार.

पहिला निर्णय, माझा, चुकलेला

मी म्हटलं, दादा हे माझ्यावर सोडा, हे शेवटी ओम आणि वॉटचंच काम आहे.

मी काय केलं सांगतो. व्होल्टचा वर्ग भागिले ओम म्हणजे वॉट, हे आयटीआयपासून पाठ. लिथियम बॅटरीचे सरासरी ३.७ व्होल्ट. ३.७ चा वर्ग १३.७. त्याला ०.८ नं भागा, १७ वॉट. ०.३ नं भागा, साधारण ४५. डब्यावर ०.८ साठी १२ ते १६ आणि ०.३ साठी ३० ते ४० असं काहीतरी होतं, म्हणजे माझं गणित थोडं वर जात होतं पण दिशा बरोबर होती. मला वाटलं सापडला फॉर्म्युला. ओम कमी तर वॉट जास्त, भागाकार करा आणि मोकळे व्हा.

माझ्याकडे ड्रॉवरमध्ये एक जुना छोटा मॉड (बॅटरीचा भाग) आणि त्याचा टँक (लिक्विडची टाकी) पडून होता, सिगारेटसारख्या झुरक्याचाच. त्याच्या दोन कॉइल सुट्या पडलेल्या, बॉक्स नाही, अंगावर फक्त ०.४८ ओम कोरलेलं. दादांना दम कमी पडतोय ना, मग कमी ओमची कॉइल देऊ. १३.७ भागिले ०.४८, आले साडेअठ्ठावीस. सेफ्टीसाठी थोडं कमी, २५ ला ठेवा म्हटलं. अगदी एक्स्पर्टसारखा.

दुसऱ्याच झुरक्याला करपली.

त्या सकाळी शिफ्ट सुटल्यावर दादांनी पाकीट घेतलं. मला सांगितलं नाही, पण दुपारी वहिनींचा फोन आला की कोटाला वास येतोय. मला इतकं लाज वाटल्यासारखं झालं की झोपायच्या ऐवजी मी अख्खा ड्रॉवर उपसला, आणि तळाला त्या ०.४८ च्या कॉइलचं चपटं झालेलं खोकं सापडलं. त्यावर स्वच्छ छापलेलं होतं, १३ ते १६ वॉट. मी सांगितलेल्याच्या जवळपास निम्मं.

मग माझं गणित चुकलं कुठं

संध्याकाळी चहा घेऊन वही उघडली. आणि खरं सांगतो, उत्तर पाच मिनिटांत आलं, जे आधी विचार केला असता तर आलंच असतं.

समजा माझ्याकडे एक तार आहे, दहा सेंटीमीटर, तिचा रेझिस्टन्स ०.८ ओम, आणि ती १६ वॉटला मस्त चालते. म्हणजे दर सेंटीमीटरला १.६ वॉटची उष्णता. आता मला ०.४ ओमची कॉइल करायचीय. एक रस्ता, अशाच दोन तारा शेजारीशेजारी पॅरलल जोडा. रेझिस्टन्स झाला ०.४, तार झाली एकूण वीस सेंटीमीटर, आणि तेवढीच गरम ठेवायची तर पॉवर लागेल ३२ वॉट. दुसरा रस्ता, तीच तार मधे कापा, पाच सेंटीमीटरचा तुकडा घ्या. त्याचाही रेझिस्टन्स ०.४. पण तेवढीच गरम ठेवायला याला लागतील फक्त ८ वॉट. मीटर लावला तर दोन्ही ०.४ दाखवणार, आणि एक ३२ मागणार तर दुसरी ८. मी जर दुसरीला ३२ दिले तर ती चौपट तापणार, दुसरं काय होणार.

म्हणजे ओमचा आकडा कॉइलला किती वॉट झेपतील हे सांगतच नाही. ते ठरतं तारेचा किंवा जाळीचा कापसाला टेकलेला पृष्ठभाग किती, कापसापर्यंत लिक्विड यायची भोकं किती मोठी, आणि झुरका घेताना हवा किती खेळते यावर. मेश म्हणजे जाळीची कॉइल असली की पृष्ठभाग जास्त, म्हणून बऱ्याच ०.१५ च्या मेश कॉइलवर ६० ते ८० वॉट लिहिलेलं असतं. माझी ती ०.४८ ची कॉइल इवलीशी, भोकं बारीक, ती तोंडाच्या झुरक्यासाठी केलेली, तिला १६ च्या वर सोसवणारच नव्हतं.

मग ओम कमी तर वॉट जास्त ही समजूत आली कुठून? ती अगदीच खोटी नाहीये. जुन्या पेनसारख्या व्हेपमध्ये वॉट बदलायचं बटणच नव्हतं, बॅटरी देईल ते व्होल्ट, जवळपास ३.७. तिथं २.४ ओमची कॉइल लावली की पावणेसहा वॉट, १.८ ची लावली की साडेसात. ओम बदलणं हाच वॉट बदलायचा एकमेव रस्ता होता, आणि कॉइल करणारेही तेच धरून करायचे. आताच्या मशीनमध्ये चिप असते, आपण १४ वॉट मागितले की ती कॉइलचे ओम मोजते आणि त्या हिशोबानं व्होल्ट कमीजास्त करून बरोबर १४ च देते. ०.८ ओमला १४ वॉट द्यायला ३.३५ व्होल्ट लागतात, २८ द्यायला ४.७ च्या वर. बॅटरीत तेवढे नसले तरी चिप वाढवून देते, बिचारी विचारत नाही की कापूस जिवंत आहे का.

आता का करपतं, तेही बघा. भातात पाणी आहे तोवर पातेल्याचा तळ शंभराच्या फार वर जात नाही, पाणी संपलं की गॅस तेवढाच असला तरी दोन मिनिटांत करपतो. कॉइलचं तसंच. लिक्विडमधलं पातळ पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल) साधारण १८८ डिग्रीला उकळतं, घट्ट व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) २९० च्या आसपास, आणि उकळताना ते तारेची उष्णता घेऊन जातं. तीन सेकंदांच्या झुरक्यात १४ वॉट म्हणजे ४२ ज्यूल, २८ वॉट म्हणजे ८४. दुप्पट उष्णता काढून न्यायला दुप्पट लिक्विड यायला पाहिजे, आणि कापूस काही तुमच्यासाठी जास्त वेगानं शोषत नाही. तार कोरडी पडते, कापूस जळतो. एकदा जळलेला कापूस मग १२ वर आणला तरी करपटच लागतो, तो सुधारत नाही. दादा करपलेल्या कॉइलचे वॉट कमी करून बघायचे आणि म्हणायचे बघ, कमी करूनही वास येतोय, म्हणजे वॉटचा प्रॉब्लेम नाहीये.

हा फक्त चवीचा विषय नाही. २०१५ च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटा रिपोर्ट आला होता, त्यात एकाच प्रकारच्या मशीनला ३.३ व्होल्टवर फॉर्मल्डिहाइड या विषारी रसायनाचं काही सापडलं नाही आणि ५ व्होल्टवर भरपूर सापडलं. लगेच दुसऱ्या संशोधकांनी आक्षेप घेतला की ५ व्होल्टला ती कॉइल कोरडी जळत होती, एवढा करपट झुरका माणूस घेऊच शकत नाही. आक्षेप मला पटतो, पण दादांना बघितल्यावर अर्धाच पटतो. तलफ आलेला माणूस करपट झुरकाही आणखी दोनदा मारतो.

खरा प्रॉब्लेम वॉटचा नव्हताच

एवढं समजल्यावर उत्तर सोपं वाटलं, ०.८ ला १४ वर ठेवा, विषय संपला. पण दादांनी १५ वर ठेवून बघितलेलंच होतं की. तिथं करपत नव्हतं, दम नव्हता. मग हा दम म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला पाहिजे होता.

दुसऱ्या रात्री मी त्यांची लिक्विडची बाटली हातात घेऊन वाचली. ५० मिलि बिननिकोटीनचं लिक्विड, त्यात दुकानदारानं १० मिलिचा १८ मिलिग्रॅमवाला निकोटीन शॉट ओतून दिलेला. १८० मिलिग्रॅम साठ मिलित पसरलं, म्हणजे मिलिला ३ मिलिग्रॅम. आणि त्यांच्या डिस्पोजेबलमध्ये किती होतं? मिलिला २० मिलिग्रॅम, जी इथली कायद्यानं ठरलेली कमाल मर्यादा.

हिशोब मांडला. डिस्पोजेबल २ मिलिचं, दादांना जेमतेम एक दिवस पुरायचं, म्हणजे दिवसाला चाळीस मिलिग्रॅम निकोटीन असलेलं लिक्विड. मी मोठ्या मशीनवर ६० वॉटनं ३ मिलिग्रॅमवालं दिवसाला बारा मिलि तरी उडवतो, म्हणजे छत्तीस. आणि दादा ०.८ ओमवर १५ वॉटनं दिवसाला चारेक मिलि, गुणिले तीन, बारा. (यातलं सगळं काही रक्तात जात नाही, पण तुलनेला पुरे.) माणसाची रोजची खुराक चाळीसवरून बारावर आलेली आणि आम्ही त्याला सांगत होतो वॉट वाढवू नका.

म्हणजे दादा जे बटण दाबत होते ते त्यांच्या लेखी वॉटचं नव्हतंच, ते निकोटीनचं होतं. जास्त वॉट, जास्त वाफ, थोडं जास्त निकोटीन, शरीराला बरोबर कळत होतं. फक्त ती कॉइल तेवढी वाफ द्यायला केलेलीच नव्हती.

यात आणखी दोन गोष्टी जळत्यात तेल ओतत होत्या. एक, लिक्विड ७० टक्के व्हीजीवालं, मोठ्या कॉइलसाठीचं घट्ट, ते ०.८ च्या बारीक भोकांतून सावकाश शिरतं. दोन, थंडी. यार्डात रात्री तापमान शून्याला टेकलेलं, मशीन जॅकेटच्या बाहेरच्या खिशात, आत लिक्विड काकवीसारखं. दादा ब्रेकच्या दहा मिनिटांत लागोपाठ पंधरा झुरके मारायचे कारण परत दोन तास मिळणार नाहीत. कापसाला भिजायला वेळच नाही.

कोणकोणते पर्याय होते

पहिला पर्याय दादांचाच, आणि धोक्याचा. म्हणाले तुझं मोठं मशीन दे, माझं आधीचं २० वालं लिक्विड त्यात टाकतो, दम पण येईल आणि करपणार पण नाही. टेक्निकली करपणार नाही हे खरं. पण ६० वॉटला एका झुरक्यात जेवढी वाफ येते तिच्यात २० मिलिग्रॅमवालं म्हणजे चार झुरक्यांत डोकं गरगरणार, मळमळणार, आणि हा माणूस फोर्कलिफ्ट चालवतो. नाही म्हणून सांगितलं.

दुसरा, मोठं मशीन आणि ३ वालंच लिक्विड, म्हणजे माझ्यासारखं. निकोटीनचा हिशोब बसतो, पण दादांना तो छातीत ओढायचा झुरका आवडत नाही हे ०.३ च्या कॉइलनं पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. शिवाय बारा मिलि रोजचं म्हणजे खर्चही.

तिसरा, भरलेल्या पॉडवालं (पॉड म्हणजे लिक्विडची छोटी डबी) मशीन, ज्यात पुन्हा काहीच ठरवायचं नसतं. मला आता वाटतं याला मी फार पटकन बाजूला सारलं. महाग पडतं म्हणून सारलं, पण दादांसारख्या माणसाला न ठरवावं लागणं हीच तर मूळ सोय होती.

चौथा, हेच मशीन, हीच ०.८ ची कॉइल, वॉट डब्यावर लिहिल्याप्रमाणे, आणि लिक्विड बदलून ५०-५० वालं, म्हणजे निम्मं पीजी निम्मं व्हीजी, २० मिलिग्रॅम निकोटीन सॉल्टचं (घशाला कमी टोचणारा निकोटीनचा प्रकार).

पाचवा वहिनींचा, हे सगळं बंद करून पॅच आणि च्युइंगगम. इथं स्टॉप स्मोकिंग सर्व्हिसमधून मिळतात, सल्लाही मिळतो. दादा म्हणाले एकदम नको, आधी पाकीट परत सुटू दे. मी यात मध्ये पडलो नाही. व्हेप बिनधोक आहे असं इथली एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवासुद्धा म्हणत नाही, ओढणाऱ्यासाठी सिगारेटपेक्षा खूप कमी नुकसानीचं एवढंच म्हणते, आणि जो ओढतच नाही त्यानं हे सुरू करू नये असं स्पष्ट सांगते.

काय केलं

चौथा पर्याय घेतला. नवीन कॉइल, नवीन लिक्विड. यावेळी घाई नाही. कॉइलच्या बाजूच्या भोकांतून कापूस दिसतो तिथं एकेक थेंब सोडला, पॉड भरला आणि टेबलावर पंधरा मिनिटं तसाच ठेवून दिला. दादा दर दोन मिनिटांनी विचारत होते झालं का, मी म्हटलं साबुदाणा भिजत घातलाय असं समजा.

मशीननं विचारलं नवीन की जुनी, नवीन दाबलं, त्यानं स्वतःच १३ लावले. आम्ही खाली १२ वर आणलं आणि तिथून एकेक वॉट वर. प्रत्येक आकड्यावर पाच-सहा झुरके, मधे अर्ध्या मिनिटाची गॅप, आणि मी फोर्कलिफ्टच्या चेकलिस्टच्या मागच्या बाजूला लिहीत गेलो. १२ ला वाफ पातळ, चव कोमट. १३ बरं. १४ ला दादांनी भुवया उचलल्या आणि काही बोलले नाहीत, म्हणजे आवडलं. १५ ला गरम. १६ ला घशाला ओरखडा, तिसऱ्या-चौथ्या झुरक्याला कोरडेपणाची किंचित चाहूल. १७ लावूच दिलं नाही. १४ ठरले आणि मशीनला लॉक मारलं.

हवेचं छिद्र अर्ध्याहून जास्त बंद केलं, म्हणजे झुरका सिगारेटसारखा घट्ट येतो. मशीन आतल्या खिशात ठेवायचं ठरलं. मधे एकदा स्क्रीनवर ओम ०.८ वरून एकदम ०.९७ दिसायला लागले तेव्हा दादा घाबरले, पण ते पॉडच्या खालच्या पिनांवर ओघळलेलं लिक्विड होतं, टिश्यूनं पुसलं आणि परत ०.८२ आले. हा आकडा एवढ्याच कामाचा आहे असं माझं आता मत झालंय, कॉइल नीट बसलीय का हे कळायला. कान्थल या मिश्रधातूच्या तारेचा रेझिस्टन्स गरम झाल्यावर फारसा हलत नाही, त्यामुळे आकडा उड्या मारायला लागला तर बहुतेक कॉन्टॅक्टची भानगड असते.

निकाल

पहिल्याच रात्री दादा पहिल्या ब्रेकला पाच झुरके मारून मशीन खिशात ठेवून चहा प्यायला गेले. पाचच. मी मोजत होतो. आधी पंधरा मारून पण तोंड वाकडं असायचं.

ती कॉइल सतरा दिवस चालली, पुढची एकोणीस. काढली तेव्हा कापूस तपकिरी होता, काळा नाही, आणि तपकिरी व्हायचं कारण बहुतेक लिक्विडमधला गोडवा, गोड फ्लेवर तारेवर साखरेसारखा चिकटतो. दिवसाचं लिक्विड दोन मिलिच्या जरा खाली आलं. पाकिटातल्या उरलेल्या सिगारेटी वहिनींनी नळाखाली धरल्या.

जानेवारीत पुतणीच्या लग्नाला कोल्हापूरला जायचं होतं तेव्हा परत प्रश्न आला. भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवणूक सगळ्यालाच बंदी आहे, विक्री किंवा आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, त्यामुळे मशीन इथंच ठेवून जायचं हे ठरलेलं. दादांनी निकोटीन गम नेला. हळदीच्या रात्री मेहुण्यांच्या नादानं दोन सिगारेटी झाल्या, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. परत आल्यावर पुन्हा १४ वॉट.

पुन्हा वेळ आली तर वेगळं काय करेन

सगळ्यात आधी बाटली वाचेन, मशीन नंतर. कुणी म्हणालं की कॉइल सारखी करपतेय तर मी आता पहिला प्रश्न विचारतो, आधी काय ओढत होता आणि त्यात निकोटीन किती होतं. मोठ्या मशीनवाल्यानं २० चं लिक्विड घातलं किंवा छोट्या मशीनवाल्यानं ३ चं घातलं, तर ओमचं कितीही ज्ञान पाजळा, तो माणूस बटणाशी खेळणारच.

दुसरं, बॉक्स नसलेली सुटी कॉइल कुणाला देणार नाही. ओमवरून वॉट काढायचा मोह मला अजूनही होतो, सवयच आहे ती. पण त्या गणितातून चिपला किती व्होल्ट लावावे लागतील आणि करंट किती जाईल हे कळतं, कापसाचं काही कळत नाही. छापलेला आकडा नसेलच तर सगळ्यात खालून सुरू करून एकेक वॉट वर, आणि जिथं गरम वाटायला लागेल तिथून एक खाली. चिप नसलेल्या मेकॅनिकल मॉडमध्ये मात्र ओमचं गणित आलंच पाहिजे, तिथं ०.२ ओम आणि फुल चार्ज ४.२ व्होल्ट म्हणजे सरळ २१ अँपिअर बॅटरीतून जातात आणि अडवायला कुणी नसतं. नवख्यानं त्या वाटेला जाऊच नये.

तिसरं, मी पहिल्या रात्रीच दादांना म्हणायला पाहिजे होतं की आठवडाभर भरलेल्या पॉडवालं साधं मशीन वापरा, तोवर बघू. तीन-चार पौंड जास्त गेले असते, पण ती सकाळची पाकीट घ्यायची वेळ कदाचित आली नसती. मला कोडं सोडवायची हौस होती आणि त्यांना फक्त झुरका हवा होता.

आता फेब्रुवारीत दादांनी २० वरून १० मिलिग्रॅमवर यायचं ठरवलंय. पहिल्या दिवशी मला मेसेज आला, भावा लॉक कसं काढायचं रे, जरा १६ करून बघतो. मी फोन केला. वॉट वाढवायचे नाहीत, झुरके वाढवा, आणि अगदीच राहवलं नाही तर दिवसाचं एक पॉड २० चं ठेवा आणि बाकीचं १० चं. लॉक कसं काढायचं ते मी अजून सांगितलेलं नाही.